निळीचं कार्ड, हिरवीचे माइल्स

ऑफिसात तिला सगळे फ्रीजवाली म्हणत. नाव तिनेच ओढवून घेतलं होतं. आईच्या शेजारणीने एकदा विचारलं, "तुमची मोठी नेमकं काय करते हो?" त्यावर एमआरआय मशीनच्या पोटातलं भलंमोठं चुंबक, ते गार ठेवणारं हेलियम आणि तो गारवा टिकवणारा पंप हे सगळं समजावत बसण्यापेक्षा तिने सांगून टाकलं, "फ्रीज दुरुस्त करते, काकू." शेजारणीने आईकडे असं पाहिलं, की एवढं शिकवून शेवटी हे. तिने तो किस्सा ऑफिसात सांगितला आणि नाव चिकटलं ते कायमचंच.

कुठल्या हॉस्पिटलचं मशीन तापायला लागलं की तिला फोन यायचा. मशीन बंद म्हणजे रोग्यांच्या तारखा पुढे ढकलायच्या, त्यामुळे उद्या-परवाची भाषाच नसे. बॅग दाराशी भरलेली. आठवड्यात दोनदा विमान, कधी तीनदा. वय पन्नाशीला टेकलेलं. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची, गच्चीवरचे कपडे काढायचे राहून गेले म्हणावं तितक्या सहज. आई गेल्यापासून आईच्याच दोन खोल्यांत ती राहत होती, म्हणजे विमानातून उरलेल्या वेळात.

ती ज्या विमान कंपनीने जायची तिच्या विमानांची शेपटी निळी होती, म्हणून ऑफिसातले सगळे त्या कंपनीला 'निळी' म्हणत. निळीचं गोल्ड कार्ड तिच्याकडे कितीतरी वर्षं होतं. त्या कार्डावर वेगळ्या रांगेतून बॅग जायची, पुढची खिडकी मिळायची आणि लाउंजमध्ये प्रवेश मिळायचा. कार्डवाल्याला आपल्यासोबत एक माणूस फुकट नेता येई. त्यामुळे लाउंजच्या दारातली बाई प्रत्येक वेळी विचारायची, "सोबत कोणी?"

"नाही. एकटीच."

सुरुवातीला त्या लाउंजचं तिला अप्रूप होतं. गुबगुबीत खुर्च्या, सूपचं भांडं, हवी तितकी कॉफी. पुढेपुढे लक्षात आलं, की आत येणारा प्रत्येक जण शेजारची खुर्ची मोकळी असलेलीच जागा बघतो आणि त्या मोकळ्या खुर्चीवर आपली बॅग बसवतो. मग सगळा हॉल असा दिसायचा, जणू माणसं आपापल्या बॅगांना घेऊन जोडीने फिरायला निघाली आहेत. तीही तसंच करायची. बॅगेचा पट्टा नीट सरळ करून ठेवायची.

तिला एक धाकटी बहीण होती, समुद्रापलीकडे. नवरा आणि मुलगी असा संसार. आई होती तोवर फोन आईच्या हातात असायचा आणि दोघी बहिणींचं बोलणं आईच्या तोंडून व्हायचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मोठीने कंपनीला सांगून फिरतीचं काम तेवढ्यापुरतं सोडलं आणि घरी बसली. धाकटी आली ती अगदी शेवटी. आई गेली, आणि सगळं उरकून घरी आल्या आल्या धाकटीने आईचं कपाट उघडलं आणि कपडे बाहेर काढायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" मोठीने विचारलं.

"मी आहे तोवर आवरून टाकू. तुला एकटीला जड जाईल."

"तुझं परतीचं तिकीट आहे म्हणून आईचं कपाट आजच रिकामं करायचं का?"

धाकटीच्या हातात आईचा स्वेटर होता. "मग मी काय करू ते तू सांग."

"काहीही करू नकोस. इतके महिने काय केलंस?"

धाकटीने स्वेटर घडी करून परत ठेवला, कपाट लावलं, आणि तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर वाढदिवसाला एक मेसेज यायचा आणि एक जायचा. दोन्हींत फुलांचं चित्र.

हे सगळं जुनं झाल्यावर एका दुपारी ती ऑफिसातल्या एका सेल्समनबरोबर विमानतळावर बसली होती. त्याला माइल्सचा, म्हणजे विमानप्रवासावर साठणाऱ्या आणि पुढे फुकट तिकीट देणाऱ्या गुणांचा नाद होता. कुठल्या कंपनीचे किती मिळतात, कधी संपतात, हे तो पत्रिका मांडावी तसं मांडायचा.

"फ्रीजवाली, तू एवढं उडतेस आणि सगळे माइल्स निळीतच घालतेस?"

"मग कुठे घालू? विमान निळीचं आहे."

"अगं, निळीची आणि त्या हिरव्या शेपटीच्या कंपनीची, हिरवीची, युती आहे. निळीच्या विमानात बसून माइल्स हिरवीच्या खात्यात घालता येतात. कार्ड निळीचं दाखव, लाउंजमध्ये जा, सूप पी. सोय इथली आणि कमाई तिथली. सासरी राहून पगार माहेरी धाडल्यासारखं."

"आणि सासरच्यांना कळलं तर?"

"त्यांना कळतंच. तुझं या वर्षीचं गोल्ड वर्ष संपेपर्यंत काढून नाही घेत. पुढच्या वर्षी नवीन देणार नाहीत, एवढंच. मी काय म्हणतो, आधी हिशेब करून बघ."

तिने हिशेब केला नाही. पण हिरवीचं नाव ऐकून तिला काहीतरी आठवलं. धाकटीच्या गावाला हिरवीचंच विमान जायचं. आईला एकदाच तिकडे नेलं होतं, तेव्हा धाकटीच्या घरच्यांनी सगळ्यांचं मिळून एक कुटुंबाचं खातं उघडलं होतं आणि मोठीलाही त्यात घातलं होतं. तिने एकदाही वापरलं नव्हतं. सेल्समन त्याच्या विमानाकडे गेल्यावर तिने फोनवर ॲप उतरवून घेतलं, पासवर्ड तीनदा चुकला, शेवटी आत शिरता आलं. एका चौकटीत पाच नावं होती. धाकटी, तिचा नवरा, त्यांची मुलगी, ती स्वतः आणि आई. आईचं नाव कोणी काढलंच नव्हतं.

नावांखाली प्रवासांची जागा होती. कोण, कुठून, कुठे, कधी. कुटुंबातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचं दिसतं, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

ती ते वाक्य बराच वेळ वाचत राहिली. मग उठून गेटवरच्या टेबलाशी गेली. तिथली मुलगी तिला ओळखत होती.

"माझ्या बुकिंगमध्ये हिरवीचा नंबर घालता येईल?"

"येईल की. पण मॅडम, तुमचं गोल्ड आहे निळीचं."

"माहीत आहे."

"नंबर आधीच बदलला असता तर तुमची पुढची सीट गेली असती. आता सीट मिळालीच आहे, तर बदलून देते." मुलीने टाइप केलं आणि बोर्डिंग पास नवीन छापून दिला. "पण हे असंच करत राहिलात तर पुढच्या वर्षी कार्ड जाईल. लोक इथे येऊन कार्डासाठी भांडतात माझ्याशी."

"जाऊ दे गेलं तर," ती म्हणाली.

काही दिवसांनी तो प्रवास ॲपमध्ये उमटला. तिचं नाव, या गावाहून त्या गावाला, तारीख. एवढंच. पण हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून ते पाहताना तिला वाटलं, पलीकडे धाकटी स्वयंपाकघरात ओल्या हाताने फोन उघडत असेल आणि हेच वाचत असेल. ताई अमुक ठिकाणी गेली होती. निदान एका माणसाला आपला ठावठिकाणा कळला.

तिथून सवय लागली. दरवेळी निळीच्या कार्डावर बॅग द्यायची, लाउंजमध्ये जाऊन कॉफी घ्यायची आणि विमानात चढण्याआधी गेटवर हिरवीचा नंबर घालून घ्यायचा. गेटवरची मुलगी आता न विचारता करून द्यायची. ज्या गावी दोघी बहिणी एकत्र शिकल्या होत्या तिथल्या हॉस्पिटलचं काम आलं तेव्हा ती मुद्दाम दुसऱ्या कोणाला न पाठवता स्वतः गेली. काम संपल्यावर त्यांच्या जुन्या होस्टेलवरून चालत गेली. होस्टेलचं आता कोणत्यातरी बँकेचं ऑफिस झालं होतं. ॲपमध्ये त्या गावाचं नाव वाचून तरी धाकटी काही लिहील, असं तिला वाटलं. तिने आठवडाभर फोन बारीकसारीक आवाजालाही उचलून पाहिला. धाकटीचं काही आलं नाही. ती मनाशी म्हणाली, तिला राग आहे, पण वाचते ना, मग पुरे.

हिवाळ्यात तिला ताप आला. साधाच, पण उतरेना. घरात पडून राहिली. पहिले काही दिवस ऑफिसातून फोन आले, कुठला सुटा भाग कुठे ठेवलाय हे विचारायला. नंतर तेही बंद झाले, कारण तो भाग सापडला. शेजारी पाण्याच्या टाकीचं काम चाललं होतं, तिथल्या माणसांची बोलणी ती पडल्या पडल्या ऐकायची. त्यांच्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. ते ठरलं की नाही हे कळायच्या आत काम संपलं आणि माणसं गेली, आणि तिला उगाच चुकल्यासारखं झालं. ॲपमध्ये तिच्या नावापुढे त्या दिवसांत काहीच नव्हतं. तेवढीच कोरी जागा.

बरी होऊन ती परत कामाला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका हॉटेलात नाश्ता करताना तिने सवयीने ॲप उघडलं, तर खातं रिकामं. साठलेले जवळजवळ सगळे माइल्स गेले होते. 'तिकीट काढले' एवढंच खाली लिहिलं होतं. कोणाचं, कुठलं, काही नाही.

तिने चमचा खाली ठेवला. धाकटी येते आहे, हे तिच्या मनात इतकं सरळ उमटलं की दुसरं काही सुचलंच नाही. दुसरं काय असणार? एवढे दिवस वाचत होती, शेवटी निघाली.

विचारावं असं तिला वाटलं नाही. न सांगता येणाऱ्या माणसाला विचारून त्याची मजा का घालवायची? घरी आल्यावर तिने बाहेरच्या खोलीतल्या सोफ्याचा पलंग उघडून पाहिला, एक बाजू कुरकुरत होती ती तेल घालून गप्प केली. नवीन चादर आणली. दुसरी उशी आणली. खिडक्या पुसल्या. आईच्या कपाटाला हात लावला नाही, पण वरची धूळ झटकली. ऑफिसात तिने लांबच्या कामांना दुसरा माणूस पाठवायला सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "काय फ्रीजवाली, लग्नबिग्न आहे की काय?" ती हसली.

रविवारी दुपारी फोन वाजला. नंबर बाहेरचा होता.

"ताई, मी बोलतोय."

"कोण मी?"

"मी कवळीवाला."

धाकटीचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. आई त्याला जावईबापू म्हणायची. दोघी बहिणी आपसात त्याला कवळीवाला म्हणायच्या, कारण तो बोलायचा कमी, आणि बोलला तरी तोंडात कोणाची तरी कवळी सांभाळून धरल्यासारखा. हे नाव त्याला माहीत आहे याची तिला कल्पना नव्हती. तिचे कान गरम झाले.

"अहो, बोला ना जावईबापू. सगळे बरे आहात ना?"

"बरे आहोत. एक सांगायचं होतं. ते हिरवीचे माइल्स आम्ही वापरले. लेकीचं, बुटकीचं तिकीट काढलं. तिला कॉलेजात प्रवेश मिळाला, पण लांबच्या. ही म्हणाली, ताईला मी विचारते. काल कळलं की हिने विचारलंच नाही. म्हटलं आपणच फोन करावा."

ती उभी होती. समोर सोफ्यावर नवीन चादर ताठ अंथरलेली होती.

"ताई? रागावलात का?"

"नाही हो. राग कसला. घरचेच आहेत."

"त्यात सगळे तुमचेच होते. आम्ही कुठे एवढे उडतो."

"बुटकीला उपयोग झाला ना, मग झालं." तिने चादरीची एक सुरकुती हाताने सरळ केली. मग तिच्याने राहवलं नाही. "ती बघते ना हो ते? मी कुठे कुठे जाते ते ॲपमध्ये येतं, ते?"

"कोण, ही?" त्याला प्रश्न समजायला वेळ लागला. "नाही. खातं माझ्या ईमेलवर आहे. हिने ते ॲप कधी उघडलंसुद्धा नाही."

ती चादरीवरच बसली. होस्टेल आठवलं, तिथलं बँकेचं ऑफिस आठवलं. इतके महिने आपण कोणाशी बोलत होतो, असं मनात आलं, आणि एकदम रिकामं रिकामं वाटलं.

पलीकडे तो खाकरला. "मी बघायचो."

"काय?"

"तुमचं काही आलं की मला मेल येतो. मी बघायचो. जेवताना हिला सांगायचो, ताई आज अमुक ठिकाणी होत्या. एकाच गावाला तुम्ही लागोपाठ गेलात तेव्हा मी म्हटलं, ते मशीन काही सुधारत नाही वाटतं."

"नाहीच सुधारलं ते. शेवटी अख्खा पंप बदलला."

"हां. मग बंदच झालं तिथलं येणं." त्याच्यासाठी हे बोलणं फार होतं, हे तिला कळत होतं. "हिवाळ्यात मध्ये काहीच येईना तुमचं. मी हिला म्हटलं, आजारी तर नसतील? ही म्हणाली, सुट्टीवर असेल. मी फोन हातात घेतला होता, खरं सांगतो. पण काय म्हणून करायचा? आपलं कधी बोलणं नाही."

"ताप होता मला," ती म्हणाली.

"वाटलंच मला."

मग त्याने सांगितलं, की बुटकी तुमच्या इथल्या मोठ्या विमानतळावरून विमान बदलणार आहे, गुरुवारी, मध्ये बराच वेळ आहे. "तुम्ही गुरुवारी बऱ्याचदा तिथूनच जाता. जमलं तर बघा. पहिल्यांदाच एकटी निघाली आहे."

"जमवते," ती म्हणाली. "तुमची ही कुठे आहे?"

"वर आहे. बोलावू?"

तिने क्षणभर विचार केला. "नको. राहू दे आज."

गुरुवारचं काम तिने मागून घेतलं. निळीचं कार्ड त्या महिनाअखेरपर्यंतच चालणार होतं, तसं पत्र येऊन पडलं होतं.

बुटकीला तिने शेवटचं पाहिलं तेव्हा ती टेबलाखालून चालत जायची. आता बाहेर येणाऱ्या घोळक्यातून एक लांबसडक मुलगी तिच्या दिशेने आली, पाठीवर बॅग, पोटावर बॅग, डोळे सुजलेले.

"मावशी? तू एवढीशी कशी झालीस?"

"तू वर गेलीस म्हणून," ती म्हणाली आणि तिच्या पोटावरची बॅग काढून घेतली.

लाउंजच्या दारात नेहमीची बाई होती. सवयीने तिने कार्ड घेऊन परत द्यायला हात पुढे केला, आणि विचारलं, "सोबत कोणी?"

"भाची आहे."

त्या बाईने मान वर करून दोघींकडे पाहिलं, बुटकीचा हिरवीचा बोर्डिंग पास पाहिला आणि म्हणाली, "चालतं. या." तिलाही बरं वाटल्यासारखं दिसलं, किंवा फ्रीजवालीला तसं वाटलं.

या वेळी बॅगा जमिनीवर गेल्या. बुटकीने सूप प्यायलं, ब्रेडचे बरेच तुकडे खाल्ले, परत जाऊन केक आणला. खाता खाता बोलत होती. कॉलेज, खोली, खोलीत अजून कोण असेल. मावशीने विचारलं, "निघताना आई रडली का खूप?"

"आई? आई रडत नाही. आई कपाटं आवरते." बुटकीने केकचा तुकडा मोडला. "मी अजून घरात होते, आणि तिने माझं कपाट रिकामं करून पुसून काढलं. खोकी भरली, वर नावं घातली. मी इतकी भांडले तिच्याशी. म्हटलं, मी मेले का? बाबांनी मला बाहेर नेलं आणि म्हणाले, गप्प बस, तिचं रडणंच आहे ते."

मावशीने कॉफीचा कप उचलला आणि न पिता ठेवला.

"काय झालं?" बुटकीने विचारलं.

"काही नाही. तुझ्या बाबांना बरंच कळतं."

"बाबांना? ते तर बोलतच नाहीत."

आईचा तो स्वेटर धाकटीने किती सावकाश घडी केला होता, बाह्या आत घेऊन, बटणं लावून, हे मोठीला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा नीट दिसलं. तेव्हा तिला फक्त घाई दिसली होती. आता यावर बुटकीशी काय बोलणार? तिने विचारलं, "अजून सूप हवं?"

बुटकी खुर्चीत सरकून, हाताची उशी करून झोपली होती. आदल्या रात्रीचं जागरण असणार. तोंड किंचित उघडं, ओठाला केकचा चुरा.

तिने किती काय काय विचारायचं ठरवलं होतं. धाकटी कशी दिसते आता, गुडघे दुखतात का आईसारखे, घरात माझा विषय निघतो का. ते सगळं तसंच राहिलं. मशीनच्या गार खोलीसाठी जवळ ठेवलेला आपला कोट तिने मुलीच्या अंगावर घातला आणि शेजारी बसून राहिली. कोणी मोठ्याने बोललं की ती त्या माणसाकडे बघायची, आणि तो आवाज कमी करायचा. कोणीतरी आपल्याजवळ इतकं बिनघोर झोपल्याला किती वर्षं झाली असतील? आईची शेवटची झोप औषधाची होती. ही तशी नव्हती. श्वास सरळ चालला होता. तिला वाटलं, झोपू दे, बोलण्यापेक्षा हेच बरं आहे, आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, नको, उठ, जरा तरी बोल.

तिच्या विमानाची घोषणा आधी झाली. पुढच्या विमानाने जावं असं एकदा मनात आलं. पण तिकडे मशीन बंद होतं आणि तपासणीला आलेले लोक हॉस्पिटलच्या बाकांवर बसून होते. तिने बुटकीचा खांदा हलवला.

"मी निघते ग."

"हं? नको ना जाऊस," मुलगी डोळे न उघडता म्हणाली, आणि तिचा हात धरून पुन्हा झोपली.

तो हात सोडवून घ्यायला तिला फार जड गेलं. दारातल्या बाईला तिने बुटकीची वेळ सांगितली, गेट सांगितलं, आणि पुन्हा एकदा सांगितलं.

"उठवीन मी, मॅडम. काळजी करू नका. घरचीच समजा."

कोट मुलीच्या अंगावरच राहिला. विमान उतरल्यावर तिने फोन चालू केला तर बुटकीचा मेसेज होता. बसले. सॉरी, झोपलेच मी. कोट माझ्याकडे राहिला, मस्त गरम आहे. तिने तो मेसेज हॉस्पिटलच्या गाडीत वाचला आणि मशीनच्या गार खोलीत कुडकुडत काम केलं. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, मशीन गार करायला आलात की स्वतः गार व्हायला?"

महिना संपला आणि कार्ड गेलं. पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदा साध्या रांगेत उभी राहिली. रांग लांब होती. पुढे एक मोठं कुटुंब होतं, त्यांच्या बॅगा जड भरल्या होत्या आणि ते जमिनीवर बसून सामान इकडचं तिकडे करत होते. लाउंजमधलं सूप गेलं याचं तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. ती तिथे वर्षानुवर्षं बसली होती. पाय दुखायला लागले तेव्हा तिने बॅगेवर बूड टेकलं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर धाकटीचं नाव.

"हॅलो," धाकटी म्हणाली. "ऐक, कोट तिने नेला म्हणे तुझा."

"हो. राहिला."

"थंडी आहे का तिकडे?"

"मशीनच्या खोलीत असते, तेवढीच."

"मग ठीक. मी तिला पाठवायला सांगितलंय. ती काय पाठवते म्हणा. फोनसुद्धा करत नाही." मागे नळाचं पाणी चालू होतं, ते बंद झालं. "झोपली होती म्हणे सगळा वेळ."

"हो. मी बसले होते."

"घोरली असेल."

"थोडीशी."

दोघी जरा हसल्या. रांग थोडी सरकली, तिने बॅग पायाने पुढे ढकलली.

"घर कसं खायला उठतं ग," धाकटी म्हणाली. आवाज जरा लांबून आल्यासारखा. "हा असतो घरात, पण तुला माहीतच आहे, बोलतो किती. मी मगाशी तिसऱ्यांदा भांडी घासली. स्वच्छ होती. तू कसं काढतेस इतकी वर्षं?"

तिने उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. काम असतं, वेळ जातो, असं काहीतरी ती लोकांना सांगायची.

"सवय होते असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "मला नाही झाली."

फोन तुटला की काय म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं. चालू होता.

"मॅडम, पुढे या," काउंटरवरच्या माणसाने हाक मारली.

"थांब जरा, माझा नंबर आला," ती फोनमध्ये म्हणाली. "मी नंतर करू का?"

"नको. थांबते मी."

तिने फोन काउंटरवर उताणा ठेवला, पासपोर्ट काढून दिला आणि बॅग उचलून पट्ट्यावर ठेवली. त्या माणसाने मधली सीट आहे, चालेल का, असं विचारलं. ती चालेल म्हणाली. फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग धाकटी कोणाला तरी हळूच म्हणाली, "ताई आहे फोनवर."